मिठाची डॉक्टरीण

कांचन गेल्याचा फोन तिच्या भावाने, किशोरभाऊंनी केला. सकाळची वेळ होती, मी अंगणात मिरच्या वाळत घालत होते. "सुमनताई, कांचन गेली... चहा घेतला, पेपर उघडला आणि खुर्चीतच मान टाकली. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं," ते म्हणाले. यावर मी काय बोलावं? मी म्हटलं, "असं कसं? पुढच्या आठवड्यात निरगुडसरला रक्तदाबाची मापणी आहे की!" जणू मापणी ठरलेली असताना मरायला बंदी असते.  फोन ठेवला आणि मग मी मिरच्यांच्या चवाळ्यावरच बसून रडले. हाताला तिखट लागलेलं, डोळे पुसायचीही सोय नाही... हे जर कांचनला सांगता आलं असतं, तर ती पोट धरून हसली असती.

मंचरला आम्ही एका वर्गात होतो. मी शेतकऱ्याची मुलगी, रोज पायी येणारी. तिच्या वडिलांचं बाजारपेठेत किराणा दुकान. घराणं मूळचं राजस्थानातलं, जैन. पण कांचनचं मराठी माझ्यापेक्षा खणखणीत होतं आणि भांडायला उभी राहिली की ती चार जणींना भारी पडायची. घरी कांदा-लसूण नाही, पाणी उकळलेलं, जेवण दिवस मावळायच्या आत. हे सगळं तिने शेवटपर्यंत पाळलं, पण दुसऱ्याच्या ताटाकडे कधी नाक मुरडून पाहिलं नाही. माझ्या डब्यातला लसणाचा ठेचा उघडला की ती म्हणायची, "वास तर मला फुकटच मिळतो, तू खा." ती बारावीला असताना तिचे वडील दुकानाच्या गादीवरच डाव्या अंगाने लुळे पडले. गावाकडे म्हणतात तसं, अंगावरून वारं गेलं. पुढे ते जगले, पण बोलणं गेलं. दिवसभर गिऱ्हाइकांशी गप्पा मारणारा माणूस खुणेने पाणी मागू लागला. मला वाटतं, कांचनची डॉक्टरकी त्या दिवशी ठरली. तिने स्वतः मात्र असं कधी म्हटलं नाही. तिला असलं गोडगोड कारण जोडलेलं आवडायचं नाही.

पुण्यात डॉक्टर होऊन तिने तिथेच शिकवण्यात उमेदीची सगळी वर्षं घालवली. शस्त्रक्रिया करणारी, गाडीतून फिरणारी डॉक्टर ती झालीच नाही. एकेका रोग्यापेक्षा अख्ख्या गावाच्या तब्येतीचा अभ्यास, हा तिचा विषय. लग्न केलं नाही. निवृत्त झाली आणि सरळ मंचरला भावाकडे राहायला आली. आता ही देवदर्शनं करील, असं सगळ्यांना वाटलं. बाईंनी महिन्याभरात आंबेगाव आणि जुन्नरची गावं पालथी घालायला सुरुवात केली. कुठे बोरी बुद्रुक, कुठे निरगुडसर... खांद्याला झोळी, झोळीत रक्तदाबाचं यंत्र आणि उकळलेल्या पाण्याची बाटली. निरगुडसर माझं सासर. मी शाळेतून निवृत्त होऊन घरी बसलेली, तेव्हा साहजिकच मी तिची हक्काची वाटाडी झाले. गावात कुणाचं घर कुठं, कुणाच्या घरात कुणाचं कुणाशी बोलणं नाही, हे तिला कोण सांगणार?

तिचा अभ्यास मिठाचा होता. आपल्या नेहमीच्या मिठातलं थोडं सोडियम काढून त्या जागी पोटॅशियम घातलं, तर चव जवळजवळ तीच राहते आणि वाढलेला रक्तदाब उतरायला मदत होते, असं बाहेरच्या देशांतल्या अभ्यासांत दिसलं होतं. "पण ती माणसं वेगळी, सुमन," ती म्हणायची. "त्यांचं जेवण वेगळं, हवा वेगळी. आपली बाई दिवसभर उन्हात कांदा काढते, घामाने निथळते आणि घरी येऊन भाकरीबरोबर ठेचा खाते. तिला ते लागू पडेल का, हे तिलाच विचारायला नको का?" तर गावातल्या निम्म्या घरांना नवं मीठ आणि निम्म्या घरांना नेहमीचं, दोन्ही सारख्याच पांढऱ्या पिशव्यांत. कोणतं कुणाकडे, हे त्या घरालाही माहीत नाही आणि मापणाऱ्यालाही नाही. मूत्रपिंडाचा आजार असलेल्याला हे नवं मीठ चालत नाही, म्हणून आधी सगळ्यांचं रक्त तपासलं. मग दर काही महिन्यांनी मापणी. गावाने तिचं बारसं केलं, मिठाची डॉक्टरीण. बायका आपसात म्हणायच्या, "सोन्याच्या नावाची बाई, आन् वाटती काय, तर मीठ!" कांचनच्या कानावर गेलं तेव्हा ती फारच खूश झाली.

दोन वर्षं हे असं चाललं. पुण्यातले एक मोठे डॉक्टर या कामाचे प्रमुख होते. निकाल चांगला आला, तर पुढे जिल्हाभर हे मीठ रेशनवर देण्याचा विचार होता. कांचनच्या आयुष्यातलं हे सगळ्यात मोठं काम आणि बहुधा शेवटचं, हे तिला कळत होतं. तशात एक दिवस ती दुपारी माझ्याकडे जेवायला बसली. आमच्या घराला लागूनच माझ्या धाकट्या दिराचं घर आहे. भाऊ वेगळे झाले, चुली वेगळ्या झाल्या, मधे भिंत आली. पण भिंतीला एक दार ठेवलेलं आहे. त्या दारातून माझी जाऊ हिराबाई हातात वाटी घेऊन आली. "डॉक्टरताई, शेंगदान्याची आमटी केलीया. कांदा न्हाई, लसून न्हाई, खास तुमच्यासाठी." कांचनने कौतुकाने घास घेतला. मी उठून त्याच वाटीत माझ्याकडची मटकीची उसळ घातली आणि हिराबाईच्या हातात दिली. आलेली वाटी रिकामी परत द्यायची नाही, ही आमच्याकडची रीत. त्यात मला तरी काही विशेष वाटलं नाही.

कांचनचा घास मात्र हातातच राहिला. "हिराबाई, अशी वाटी रोज येते-जाते?" तिने विचारलं.

"रोज न्हाई वो ताई. बरं कालवन झालं की. आन् रोजचं बी बरंच व्हतंय की माझं!" हिराबाई हसत म्हणाली.

"आणि बाकीच्या घरांत?"

"समद्यांतच. आवं, शेजार हाय म्हंजी वाटी आलीच."

माझ्या घरी एक मीठ, हिराबाईच्या घरी कदाचित दुसरं. आणि दोन्ही मिठं दोन्ही घरांत पानात पडत होती. आमच्या आळीत, वरच्या आळीत, पलीकडच्या वस्तीवर, सगळीकडे हेच. कांचनच्या लोकांनी दर खेपेला विचारलं होतं, घरात आम्ही दिलेलंच मीठ वापरता ना. बायकांनी खरंच उत्तर दिलं होतं. कालवण कुणाच्या घरचं खाता, हे विचारायचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. कांचनने आमटी संपवली, ताटात काही टाकायचं नाही हा तिचा नेम होता, आणि हात धुऊन ओसरीवरून पुण्याला फोन लावला.

पुण्याच्या डॉक्टरांनी दोन तोडगे सुचवले. एकतर ज्या घरांत अशी देवाणघेवाण जास्त, ती गुपचूप वगळून उरलेल्यांचे आकडे धरायचे. नाहीतर बायकांना सांगायचं, अभ्यास संपेपर्यंत वाट्या बंद. पहिला तोडगा कांचनने फोनवरच उडवून लावला. तिचा आवाज इतका चढला होता की मी स्वयंपाकघरातून बाहेर आले. "मला जे दिसलं ते मी न दिसल्यासारखं करू? मग मी रक्तदाब कशाला मापते, पत्रिकाच बघते ना!" दुसऱ्या तोडग्यावर मात्र ती विचारात पडली. तो तसा वावगा नव्हता. थोड्या महिन्यांचा प्रश्न आणि दोन वर्षांचं काम वाचलं असतं. मलाही वाटलं, सांगून बघायला काय हरकत आहे.

त्यावर तिने काय करावं? वाट्या कुठून कुठे जातात ते बघायला ती आळीतून फिरली. आमच्या आळीच्या टोकाला सखूआजी राहते. एकटी, पाठीत वाकलेली. सकाळी ती चूल पेटवते, एक भाकरी थापते. संध्याकाळी तिची चूल पेटतच नाही. एकीकडून आमटी, दुसरीकडून भात, कुणाकडून ताक. कुणी याला मदत म्हणत नाही, सखूआजीला तर मुळीच असं वाटत नाही, कारण तीही सकाळी प्रत्येक वाटीत काहीतरी घालून ती परत करते. कधी चार शेवग्याच्या शेंगा, कधी मूठभर कढीपत्ता. कांचन तिच्या उंबऱ्यावर बसली आणि तिने विचारलं, "आजी, वाट्या बंद झाल्या तर?" सखूआजी म्हणाली, "का गं बाय? गावात भांडान झालं का काय?"

त्याच आठवड्यात कांचनने मारुतीच्या देवळात बायकांना बोलावलं. मला वाटलं, ही काहीतरी मोघम सांगून वेळ मारून नेईल. तसं केलं असतं तरी कोण विचारणार होतं? ती उभी राहिली आणि म्हणाली, "चूक माझी झाली. मी घरं मोजली, वाट्या मोजल्या नाहीत. या दोन वर्षांच्या आकड्यांवरून काहीच खरं सांगता येणार नाही. मी तसं लिहून पाठवलंय."  मग हिराबाई उठली. तिचा चेहरा उतरला होता. "म्हंजी आमच्या कालवनानं तुमचं काम नासलं व्हय, ताई? मग आमी वाट्या बंद करतो की. तुमी इतकं उन्हातान्हाचं फिरलात..."

"वाट्या बंद करायच्या नाहीत," कांचन म्हणाली. "तुमच्या जगण्याला माझा अभ्यास बसला पाहिजे, अभ्यासाला तुमचं जगणं नाही. मी पुन्हा पहिल्यापासून करीन." ती माझ्याशेजारी येऊन बसली. एवढ्या जवळून मी तिला हरलेलं कधी पाहिलं नव्हतं आणि इतकी ताठही कधी पाहिली नव्हती. मला तिचा त्या क्षणी विलक्षण अभिमान वाटला. तो मी तिला बोलून दाखवला. "पुरे, चहा कर," ती म्हणाली.

पुण्याचे डॉक्टर नाराज झाले, पण माणूस सरळ असावा. वर्षभराने त्यांनीच नवा आराखडा मंजूर करून आणला. यावेळी घर नाही, गाव. एका गावाला सगळ्यांना एकच मीठ, दुसऱ्या गावाला सगळ्यांना दुसरं. वाट्या फिरू देत किती फिरायच्या त्या. गावं एकमेकांपासून लांबची निवडली. निरगुडसरला कोणतं आलंय आणि बोरीला कोणतं, मला आजही माहीत नाही. मी आडून आडून विचारायची, ती दाद लागू द्यायची नाही. "सुमन, ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस. माहिती हवी आहे, पण ती माझ्याकडेही नाही." बायका माहेरी जातात, ओझरला गणपतीला गेल्या की तिथे जेवतात, लग्नसराईत तर विचारूच नका, हे सगळं ती आता आधीच विचारून घ्यायची. बोरीतल्या एका बाईने तिला म्हटलं म्हणे, "डॉक्टरताई, तुमी तर सासूच्या वर चौकशा करता." हे तिने मला किती वेळा सांगितलं असेल! वय झालं होतं, गुडघे कुरकुरत होते, पण तिच्या बोलण्यात शाळेतली कांचन परत आली होती. शेवटची मापणी झाली की हाती निकाल येणार होता. त्या मापणीच्या आधीच ती गेली.

मापणी पुढे ढकलायची नाही, असं किशोरभाऊंनीच सांगितलं. ठरल्या दिवशी तिच्या हाताखाली काम करणारी तरुण डॉक्टर मेघना यंत्र घेऊन देवळात आली. रक्तदाब मापण्याआधी पाठ टेकून, पाय जमिनीला लावून गप्प बसायचं असतं. बोललं की आकडा वाढतो. आमच्या बायकांना गप्प बसवायचं म्हणजे कांचनचा अर्धा दिवस त्यातच जायचा. डोळे वटारायची, ओठांवर बोट ठेवायची, तरी कुणीतरी फिसकन हसायचंच. त्या दिवशी मेघना "गप्प बसा" म्हणायला उठली, तर देवळात आवाजच नव्हता. सगळ्या जणी भिंतीला पाठ टेकून, पाय खाली सोडून बसल्या होत्या. सखूआजीची पाठ टेकत नाही, तिच्यामागे कुणीतरी उशी ठेवली होती. बाहेर ट्रॅक्टर गेला, कबुतरं फडफडली...  मेघनाने चष्मा पुसला आणि कामाला लागली.

हिराबाईची पाळी आली. तिचे डोळे सुजलेले होते, आठवडाभर ती रडत होती. आकडा बघून मेघना कुजबुजली, "काकू, आज फार वाढलंय. तुम्ही रडलाय ना, म्हणून. आजचं राहू द्या, मी दोन दिवसांनी परत येते."

"आन् आजचा आकडा?"

"तो नको लिहायला. अभ्यासात उगाच वाईट दिसेल. मॅडमचं शेवटचं काम आहे..."

हिराबाईने हात मागे घेतला नाही. "वंगाळ दिसंल म्हनून सोडायचं व्हय? मागं ताईंनी देवळात हितंच उभं ऱ्हाऊन सांगितलं, माझं चुकलं म्हनून. दोन दिसांनी ये, तवाचा बी ल्ही. पन आजचा ल्ही, पोरी. हाय तेवढाच ल्ही."

मेघनाने माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. तिने आकडा लिहिला, पुढे 'रडल्या होत्या' असंही लिहिलं आणि ते हिराबाईला वाचून दाखवलं. हिराबाईने बाही खाली ओढली आणि पुढच्या बाईसाठी जागा करून दिली.