भाऊजी गाडी थांबवत नाहीत

माणसाने वाटेत थांबावं असं या पृथ्वीवर काही असतं, हे माझ्या भाऊजींना आजवर कुणी पटवून देऊ शकलेलं नाही. सारी हयात भिलाईच्या पोलाद प्लांटमध्ये, ब्लास्ट फर्नेसवर गेली. तिथली भट्टी एकदा पेटली की वर्षानुवर्षं विझवत नाहीत, आणि भाऊजींनी तोच नियम घरादाराला लावला. तिथल्या कॅम्प-१ वस्तीत कुणाच्या लग्नाला गेले की मंगलाष्टकांच्या आधीच जेवून मोकळे. "अष्टकं का, सगळ्या लग्नात तेच राह्यते," म्हणायचे. आजाऱ्याची चौकशीसुद्धा स्कूटर बंद न करता, फाटकातूनच. "बरं हाय ना?" त्याने मान हलवायच्या आत हे पुढच्या चौकात.

असा माणूस रिटायर झाला आणि स्वतः गाडी चालवत ताईला घेऊन थेट उत्तरेच्या पहाडात, भीमतालला निघाला. भिलाईतच, रिसालीत ताईच्या शेजारी एक पहाडी बाई राहतात, माहेर भीमतालचं. संध्याकाळी तिथल्या तलावात अख्खा डोंगर उलटा दिसतो, असं त्यांनी इतक्यांदा सांगितलं की ताईच्या मनाने ते घेतलं. भाऊजींची रजा दरवर्षी ठरायची आणि दरवर्षी बारगळायची. या वेळी मात्र निघालोच. मागच्या सीटवर मी, पिशव्या आणि चिवड्याचा डबा. त्याआधी अंगणात आम्हा दोघा बहीणभावांना उभं करून सेफ्टीवर भाषण झालं, ते वेगळंच.

पुढचं काय सांगू! बसून बसून माझी कंबर माझी उरली नाही. टपरीवाल्याकडून चहा खिडकीतूनच घ्यायचा आणि चालत्या गाडीत अंगावर सांडायचा. काठगोदामनंतर घाट लागला. खाली दरीत नदी, वर चीड-पाइनची झाडं, ढग. दर वळणाला ताई म्हणे, "अजी, थांबा ना जरासं, पाहू द्या."

"दृश्य का पळून चाललं? तलावापाशी पोचलो का पोटभर पाह्यजो."

शेवटी ताईने डोळे मिटून घेतले. मला संताप आला होता, पण भांडायचंही त्राण नव्हतं.

भीमतालला पोचलो तेव्हा ऊन डोंगराच्या शेंड्यावर गेलं होतं. भाऊजींनी काठाशी गाडी लावली आणि इंजिन बंद केलं. पाणी अगदी संथ, त्यात डोंगर खरोखरच उलटा उभा. ताई मात्र मान टाकून गाढ झोपलेली. मी तिला हलवायला हात पुढे केला, तर भाऊजींनी तो धरला.

"नोको उठवू. माह्या नाइट शिफ्टच्या पायी तिले जन्मभर धड झोप भेटली नाई. अन् वाटेत थांबा म्हने, तवा थांबलो नाई मी. आता कोन्या तोंडानं उठवू?"

"पन अंधार पडून राहिला भाऊजी. तिले डोंगर दिसनार नाई."

"उद्या दिसन. नाई तं परवा. पायजे तेवढे दिवस राहू."

डोंगर पाण्यात विरत गेला. भाऊजींनी तिकडे पाहिलंच नाही. ताईचा पदर नीट करून ते तिच्याकडे बघत बसून राहिले. मला ते पहिल्यांदाच म्हातारे दिसले.