एकशेपंचवीस अंशांची ऊब

माझ्यावर ज्यांचे उपकार आहेत, त्यांत आई, आबा आणि आमच्या वरवंडच्या घरातला फ्यूज यांचा क्रम लावणे अवघड आहे.

मी नुकताच बीएस्सी झालो होतो. (म्हणजे कुणी काही विचारायच्या आत उत्तर देत होतो.) त्याच उन्हाळ्यात आईची लाडकी खुडूक कोंबडी मुंगसाने नेली. मागे राहिली अर्धवट उबवलेली अंडी. आई ती गोधडीत गुंडाळून, पोटाशी धरून बसली.

"बिचारीची पिल्लं तरी जगू दे रं!"

"आई, मी हाय ना!" मी म्हणालो. घराला खरा धोका इथून सुरू झाला.

पत्र्याच्या पेटीत साठचा बल्ब लावला. पुस्तकात लिहिले होते, साडेसदतीस सेल्सियस. दौंडहून आणलेला थर्मामीटर मात्र फॅरनहाइटचा. त्यात काय! बत्तीस मिळवले, नवाने गुणले, पाचाने भागले. उत्तर, एकशेपंचवीस!

पारा शंभराच्या जरा अलीकडे येऊन थांबला. आईने आत हात घातला.

"कोंबडीच्या पोटाखाली हात घातल्यावानी लागतंय. ठिवू का?"

"थांब! अजून पंचवीस कमी हाय!"

शंभराचा बल्ब लावला. मग दुसरा. तरीही भागेना, म्हणून आबांची इस्त्री आत उभी केली आणि बटण दाबले. फाट्! घरभर अंधार.

आबांनी चडफडत फ्यूजची तार बदलली. "आता एकच दिवा लागंल. न्हाईतर तुलाच बशीवतो अंड्यांवर!"

नाइलाजाने साठचाच बल्ब ठेवला. आईने अंडी आत मांडली आणि मी मनातल्या मनात त्यांना श्रद्धांजली वाहिली.

काही दिवसांनी सकाळी पेटीतून चिवचिव! आईने एक पिल्लू गालाला लावले आणि ती चक्क रडली. मला म्हणाली, "तुझ्यामुळं झालं रं!" मीही लगेच मान ताठ केली.

"पर तुला पारा किती पायजे व्हता?" आबांनी विचारले.

"एकशेपंचवीस."

"आरं, मला एकशेतीन ताप आला तवा डाक्टर घाबरला व्हता! तू पिल्लं काढणार व्हतास का रस्सा?"

मी मागे जाऊन गणित पुन्हा केले. बत्तीस शेवटी मिळवायचे होते. आई मात्र आजही गावभर माझेच कौतुक सांगते, आणि तिच्या त्या मायेपुढे मला खरे बोलवत नाही.

सध्या मी शिरूरला गणिताच्या शिकवण्या घेतो. पालक काळजीने विचारतात, "सर, आमचं पोरगं निघंल ना पुढं?"

"नक्की निघेल," मी छातीठोकपणे सांगतो. "फक्त घरातला फ्यूज चांगला ठेवा!"