काटा कोणत्या हातात?

माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न एका इटालियन हॉटेलावर अडलं होतं, असं सांगितलं की घरातली पोरं आज हसतात. हसू देत. गोव्याच्या वेशीवरच्या आमच्या आरोंद्याच्या माणसांनी तेव्हा इटालियन जेवण डोळ्यांनीसुद्धा बघितलेलं नव्हतं, आणि मला मात्र ते पणजीत हुडकून काढायचं होतं.

झालं असं, की स्थळ आलं ते बोटीवरच्या इंजिनिअरचं. बोट दीड महिन्याने आठ दिवस मुरगाव बंदरात लागणार, आमच्याकडे यायला सवड नाही. त्याने आमच्या वडिलांना लिहिलं, मुलीला पणजीला आणा, संध्याकाळी एखाद्या चांगल्या इटालियन हॉटेलात जेवू, जागा तुम्हीच बघून ठेवा. इटलीच्या बंदरांत राहून त्याला त्या जेवणाची गोडी लागली होती. वडील भडकले. "चेडवाक बघूक खानावळीत?" म्हणत दोन दिवस तणतणले. मी मात्र पत्र वाचून देवाला हात जोडले.

कारण बहीण डावखुरी. यापायीच दोन स्थळं मोडली होती. एकदा तिने पोह्यांची बशी डाव्या हाताने पुढे केली, तर मुलाच्या आत्याने ती घेतलीच नाही. दुसऱ्यांदा जेवणावळ होती, उजव्या हाताने चार घास नीट गेले, पाचव्याला डावा हात भातात. आई गेली तेव्हा बहीण चार वर्षांची, मी तेरा. मीच तिला वाढवली, त्यामुळे दोन्ही वेळा माझंच तोंड काळं झाल्यासारखं मला वाटलं. तिला काय वाटलं, ते मी विचारलं नाही.

आणि मी ऐकून होते, की साहेब लोक काटा डाव्या हातात धरतात.

मग काय, एका रविवारी नवऱ्याला उठवून निघालेच. तरीच्या होडीतून खाडी ओलांडली, पलीकडे मोटार धरली. पूर्वी तिकडे जायला परवाना लागायचा. आता गोवा मोकळा झाला होता, पण मोटारीतली गर्दी काही कमी झाली नव्हती. पणजीत पहिल्या ठिकाणी इटालियनच्या नावाखाली डुकराच्या मांसाखेरीज काही नव्हतं. दुसऱ्या ठिकाणी मेजावर नुसते चमचे. मालक म्हणाला, बाई, चमच्यानं लवकर होतं. लवकर कोणाला हवं होतं? नवरा म्हणू लागला, आता चहा पिऊन परत फिरू. मी त्याच्याकडे असं बघितलं, की तो मुकाट्याने पुढे चालू लागला.

धक्क्याजवळच्या गल्लीत तिसरं सापडलं. सहा मेजं, स्वच्छ पांढरी कापडं, आणि मालक म्हणजे जन्मभर बोटीवर स्वयंपाक केलेला म्हातारा. त्याने टोमॅटो घातलेली मॅकरोनी चाखायला दिली. मला ती थोडी कच्चीच लागली, पण मी वा वा केलं. मग हळूच विचारलं, "काटा कोणत्या हातात धरायचा?"

"सुरी उजव्यात, काटा डाव्यात," तो म्हणाला. "मासा तसाच खातात."

"मग त्या दिवशी मासाच करा, आणि सुरीशिवाय कापता येणार नाही असा करा."

महिनाभर बहिणीने घरात लाकडी काटकीने भोपळ्याच्या फोडी टोचून सराव केला.

ती संध्याकाळ आली. वडील आले नाहीत, बहिणीबरोबर मी आणि नवराच गेलो. मुलगा बोलायला साधा, सावळा, हसरा. पण बरोबर त्याची आई. हे पत्रात नव्हतं. नऊवारी, कपाळाला मोठं कुंकू, आणि नजर सगळीकडे फिरणारी. मासा आला. बहिणीने डाव्या हातात काटा धरला आणि इतक्या डौलात घास घेतला, की मला वाटलं, जमलं. सुटलो एकदाचे.

तेवढ्यात म्हातारीने आपला काटा बाजूला सारला. "ह्या लोखंडान पोट भरतला काय? काटे लागतत माशाचे, हातानच खावक होये. तूय सोड गो ता. हातान जेव."

बहिणीचा काटा तसाच थांबला. मी मेजाखालून तिचा पाय दाबला, म्हणजे उजवा हात घे. तिने पाय काढून घेतला, काटा खाली ठेवला आणि सरळ म्हणाली, "माका उजव्या हातान जेवक जमणा नाय. माझो डावोच हात चलता."

नवरा पाण्याचा पेला फिरवत बसला. माझ्या मनात आलं, संपलं, तिसरंही गेलं. म्हातारीने माशाचा मोठा तुकडा बहिणीच्या ताटात, डाव्या बाजूला ठेवला. "मग डाव्यान जेव. मासो निवता." मुलाने मान खाली घालून खायला सुरुवात केली, पण तो हसत होता, ते मला दिसलं. तिने डाव्या हाताने पहिला घास घेतला. जन्मात पहिल्यांदा चारचौघांत, न घाबरता.

थोड्या वेळाने म्हातारीने विचारलं, "ह्या हातासाठी तुका कोणी मारल्यानी काय गो?"

मी हातातला घास परत ताटात ठेवला. तिचा डावा हात पंच्याने पाठीशी बांधून मीच तिला जेवायला बसवायचे. गाठ सुटली की पळीचे फटके. एकदा बोटं सुजून तिला आठवडाभर वेणी घालता आली नव्हती.

बहिणीने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "नाय," ती म्हणाली, "तायेन माका कधी हात लावूक नाय."

स्थळ जमलं, तेव्हा जीव भांड्यात पडला हे खरंच. पण त्याच्याही आधी, त्या तिच्या खोट्या उत्तराने मी सुटले होते, आणि तिला ते ठाऊक होतं.