टाकीचा उपास

नारायणगावात भांड्यांचं दुकान असलेले आमचे मिश्रीशेठ सूर्य मावळायच्या आत दोन पोटं भरत. एक स्वतःचं आणि दुसरं परसातल्या, खरकट्यावर चालणाऱ्या गॅसच्या टाकीचं. एकदा दिवेलागणीनंतर मी घरातला उरलेला भात टाकीसाठी घेऊन गेलो, तर शेठ आडवे आले. "आता न्हाई, भाऊ. सकाळी आणा. आत लई जीव हायेत. आमच्या घरात राहतात, तर आमच्या घरचं वळण पाळतील."

मी शेजारी, पाण्याच्या मोटारी दुरुस्त करणारा. टाकीपासून शेगडीपर्यंतची नळी मीच जोडून दिली होती. त्यामुळे टाकीच्या पथ्यपाण्यावर बोलायचा मला थोडा हक्क आहे, असं मी समजत असे. शेठ तसं समजत नसत. कांदा, लसूण, बटाटा टाकीला वर्ज्य. बाजारात फेकलेले टोमॅटो चालत, पण त्यातले किडके शेठ चष्मा लावून बाजूला काढत. "शेठ, खरकटं खाणाऱ्या टाकीला कसला आलाय धर्म?" असं मी विचारलं, तर म्हणाले, "तुमी वकील हाय का तिचे? न्हाई ना? मग मोटारी बघा."

टाकी म्हणजे एक पिंप आणि त्यात उपडं बसवलेलं दुसरं. खालच्यात खरकटं कुजायचं आणि गॅस धरला की वरचं पिंप हळूहळू उचललं जायचं. शेठ गिऱ्हाईक सोडून ते बघायला जात आणि परत येऊन "पोट भरलंय" असं समाधानानं सांगत. पातेल्याचा भाव विचारायला आलेल्या बायकांनाही आधी हेच ऐकावं लागे.

भाभींना, म्हणजे शेठच्या पत्नीला, टाकी डोळ्यांसमोर नको होती. एक तर वास यायचा. शिवाय शेठ टाकीशी जेवढं बोलत तेवढं भाभींशी बोलत नसत. जैनांच्या पर्युषणात भाभींनी आठ दिवसांचा उपास धरला, नुसत्या उकळलेल्या पाण्यावर. आदल्या दिवशी माझ्यादेखत त्यांनी निकाल लावून टाकला. "उपास सोडायचं मुगाचं पाणी या गॅसवर झालं, तर टाकी ठेवा. न्हाई झालं, तर भंगारवाल्याला बोलवा."

शेठना हा हातचा मळ होता. पण पहिल्याच सकाळी त्यांनी टाकीचं तोंड झाकलं आणि वर पाटा ठेवला. "घरची लक्ष्मी उपाशी आणि ही खाणार? बरं दिसत न्हाई. तीबी करंल."

"आणि तुमी?"

"मला शुगर हाय," शेठ म्हणाले आणि खाकऱ्याचा डबा उघडून बसले.

पोटात काही पडलं नाही तर गॅस येईल कुठून, तीन-चार दिवसांत पिंप खाली बसेल, असं मी बजावलं. पिंप बसलं नाही. उलट आणखी वर आलं. मग काय, शेठ येईल त्याला हाताला धरून परसात नेऊ लागले. "तपाचं बळ, राव. दुसरं काय?" मी नळी पुन्हा पुन्हा तपासली. माझी अक्कल चालेना.

उपास सोडायच्या सकाळी पाहुणे जमले. शेगडी भडभड पेटली, मुगाचं पाणी झालं. शेठ पाहुण्यांना टाकीभोवती उभं करून तिच्या तपाचं वर्णन करत होते. तेवढ्यात आपल्या मुलीच्या खांद्यावर हात ठेवून भाभी दारात आल्या. आवाज पार खोल गेला होता.

"ती रोज जेवलीय," त्या म्हणाल्या. "तुमी प्रवचनाला गेले की मी झाकण उघडायचे, शेजारच्या वहिनी वतायच्या."

शेजारच्या वहिनी म्हणजे आमची ही. ती पदर तोंडाला लावून भिंतीकडे बघत होती. घरातली शिळी भाजी आठवडाभर कुठं जात होती, ते मला तिथं कळलं.

"कांद्याचीबी?" शेठनी हळूच विचारलं.

"वहिनींच्या घरी दुसरं काय असतं?"

शेठ पायरीवर बसले. "पण कशाला? तुला तर टाकी नकोच व्हती. गप बसली असतीस तरी गेली असती."

"अजूनबी नको हाय," भाभी म्हणाल्या. "पण मी उपाशी राहिले माझ्या खुशीनं. तिला कुणी विचारलं व्हतं?"

मी उगाचच पुन्हा एकदा नळी तपासायला वाकलो.

आदल्या दिवशी संवत्सरी होती. रीतीप्रमाणे शेठनी सगळ्या आळीची हात जोडून क्षमा मागितली होती. आता ते उठले, पाटा उचलून लांब ठेवला आणि टाकीपुढे हात जोडून म्हणाले, "मिच्छामि दुक्कडम्." मग वळून भाभींपुढे हात जोडले.

"आधी ती, मग मी," भाभी म्हणाल्या. "चालू द्या."

पाहुणे हसून बेजार झाले. शेठनी मुगाच्या पाण्याचा पहिला चमचा भाभींना स्वतःच्या हातानं भरवला. त्या दिवशी ते परसात फिरकलेसुद्धा नाहीत, भाभींच्या उशाशी बसून होते. टाकीला जेवायला घालायला शेवटी भाभीच उठल्या.