मायचा फोल्डिंगचा मोबाईल

धारूरच्या स्टँडवर पुण्याची गाडी लागली तेव्हा माझ्या एका हातात नर्सिंगच्या सर्टिफिकेटांची फाईल होती आणि दुसऱ्या हातात सीताफळांची पिशवी. फाईल माझी गरज होती, पिशवी मायची. मी नको नको म्हणत असताना तिनं डोंगरातून आणलेली फळं गवतात दाबून भरली होती. "दोन दिसांत पिकत्यात, खोलीतल्या पोरींना बी दे," म्हणत तिनं पिशवी खिडकीतून आत कोंबली. त्यातली दोन-तीन आधीच पिकलेली होती. नगरच्या अलीकडे मागच्या सीटवरच्या गृहस्थांनी पाय लांब केले, ते नेमके फाईलला टेकलेल्या त्या पिशवीवर. माझ्या सर्टिफिकेटांवर अजून डाग आहेत. पहिल्या तीन इंटरव्ह्यूंत मला नर्सिंगबद्दल कमी आणि त्या डागांबद्दल जास्त विचारलं गेलं.

माय रडली नाही. "पोचलीस की सलीमभाऊकडं फोन कर," एवढंच चार वेळा म्हणाली. सलीमभाईंचं मोटारसायकलचं गॅरेज स्टँडच्या समोरच. गावात आमच्यासाठी फोन होता तो त्यांचाच. मी पुण्याहून लावायचा, त्यांनी ग्रीसचे हात पुसत "बेटा, दहा मिनिटांनी कर" म्हणायचं, आणि स्टँडवर सीताफळं विकत बसलेल्या मायला हाक मारायची. आमचे वडील, दादा, मी बारावीत असतानाच वारले. थोरली ताई चकलांब्याला दिलेली. डोंगराच्या अंगाला, वस्तीपासून लांब असलेल्या आमच्या घरात माय एकटी. तुमच्यापैकी जे कोणी मागं कुणाला असं एकटं ठेवून आलात, त्यांना पुढचं सगळं सांगायची गरज नाही. तरी सांगते, कारण मला अजून त्याचा राग येतो, आणि राग कुणाचा येतो ते नीट ठरवता येत नाही.

तिसऱ्या पगारावर मी मोबाईल घेतला. फोल्डिंगचा, पातळ, चिक्कीच्या वडीएवढा. दुकानदारानं तो उघडमीट करून दाखवला आणि मी भुलले. त्यानंतर दोन वर्षं त्या पातळपणानं माझा जीव खाल्ला. युनिफॉर्मच्या खिशात तो राहायचाच नाही. पेशंटच्या बेडवर वाकले की सटकून थेट गादीवर. एकदा एका आजोबांच्या पाठीखाली गेला आणि त्यांच्या पोटातून रिंगटोन वाजतोय असं वाटून त्यांच्या सुनेनं डॉक्टरांना बोलावलं. त्याच्या बिजागरीत माझे केस अडकायचे. घाईत फोन कानावरून काढला की चार केस उपटून यायचे. पीजीमधल्या पोरी विचारायच्या, केस विरळ कशानं झाले? पुण्याच्या पाण्यानं म्हणून सांगायचे. फोनमुळे झाले म्हणायची लाज वाटायची.

मग मी टचस्क्रीनचा घेतला आणि हा मायला दिला. तेव्हा मला माझ्या हुशारीचं फार कौतुक वाटलं होतं. मायला आकडे वाचता येत नाहीत. पण या फोनला वाचायचं कामच नव्हतं. सेटिंगमध्ये जाऊन मी असं केलं की फोन वाजला, झाकण उघडलं की कॉल घेतला जाणार, झाकण मिटलं की बंद होणार. तिला लावता येणार नव्हता, पण घेता तर येईल. मी तिला दारात बसवून वीस वेळा करून घेतलं. सलीमभाईंनी गॅरेजमधून फोन लावायचा, तिनं उघडायचा, "हालो" म्हणायचं, मिटायचा. एकविसाव्या वेळी ती म्हणाली, "मला काय येडी समजतीस का गं?"

पुण्याला परत आले आणि आठवड्यात माय फोन घेईनाशी झाली. ताईच्या दिरानं जाऊन पाहिलं तर मायनं कुठलंतरी बटण दाबून आवाज बंद केला होता. पुढच्या सुट्टीत मी फोन तपासला तर आत दीडशे फोटो. मायचा कान. मायचा कान. पत्र्याचं आढं. कोंबडीचे पाय. पुन्हा कान. मी कपाळावर हात मारला आणि तिला बजावून सांगितलं, "माय, याच्या बटणांना हात लावायचा नाही. एकाही बटणाला नाही. उघडायचा आणि मिटायचा, बास."

"न्हाई लावत," माय म्हणाली. माझी माय दिलेला शब्द पाळते, हे मी तेव्हा ध्यानात घ्यायला हवं होतं.

त्यानंतर सुरू झाला खरा छळ. सकाळचा पहिला फोन ती पटकन घ्यायची. दुपारी लावला की नुसता वाजत राहायचा. कधी घ्यायची, कधी नाही, तीन वर्षं हेच चाललं. कधी वाजता वाजता मध्येच कट व्हायचा. मला वाटलं बॅटरी गेली. नवी बॅटरी घेऊन ओळखीच्या कंडक्टरच्या हाती धाडली. मग वाटलं रेंज नसेल. मग वाटलं बिजागरी गेली असेल, म्हणून सलीमभाईंना तो एका दुरुस्तीवाल्याला दाखवायला सांगितलं. ते म्हणाले, "बेटा, मशीन एकदम ठीक हाय. मी सोता फोन लावून बगितला, तुझ्या मायनं उचलला बी." मी तिला विचारायची, "काल दुपारी का नाही घेतलास?" ती म्हणायची, "घेतला की. हालो हालो म्हनून घसा बसला माजा. तूच बोलली न्हाईस." आता या बाईला काय म्हणावं? मी वॉर्डच्या जिन्यात उभी राहून तिच्यावर ओरडायचे आणि जाणारे-येणारे माझ्याकडे बघायचे.  डोंगरात साप आहेत, दरड आहे, आणि सीताफळाच्या दिवसांत ती पहाटेपासून कड्याच्या कडेला असते. मला फक्त रोज एकदा तिचा आवाज हवा होता. त्याच्यावर मी काही मागत नव्हते.

एका रविवारी मी तिला नको ते बोलले. "तुला माझ्याशी बोलायचंच नसेल तर सांग, मी फोन करणंच बंद करते," असं.  मी रागातच फोन ठेवला.

सोमवारी दुपारी लावला. वाजला, वाजला, आणि कट झाला. परत लावला. आता दोनदा वाजला आणि पुन्हा कट. तिसऱ्यांदा नुसताच वाजत राहिला. मला वाटलं, रुसलीय. कट करतेय माझा फोन. माझ्याही तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं रुस, किती दिवस रुसतेस बघते. आणि मी फोन केला नाही. सोमवारची संध्याकाळ नाही, मंगळवारची सकाळ नाही.

मंगळवारी दुपारी सलीमभाईंचा फोन आला. "बेटा, दोन दिवस झाले, तुझी माय स्टँडवर दिसली न्हाई, म्हनून मी घराकडं गेलतो. ती पडलीय. घाबरू नको, पन ये."

अंगणात पाय घसरून घोट्याचं हाड मोडलं होतं. सोमवारी सकाळी. सरपटत उंबऱ्यापर्यंत आली आणि तिथंच पडून राहिली, भिंतीला टेकून, हाताशी पाण्याचा तांब्या. आणि मांडीवर माझा फोन. मी पोचले तोवर सलीमभाईंनी तिला अंबाजोगाईच्या दवाखान्यात आणून प्लास्टरसुद्धा घालून घेतलं होतं. मी कॉटजवळ गेले तर बाईसाहेबांच्या उशाशी तो फोन, आणि तो उघडा. सताड उघडा. आणि त्याच क्षणी तो वाजायला लागला, ताईचा कॉल होता. माय त्या उघड्या फोनकडे तोंड करून म्हणाली, "हालो. हालो, बोल की गं. हालो." फोन वाजतच राहिला.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. फोन आधीच उघडा असेल तर घ्यायला हिरवं बटण दाबावं लागतं. आणि बटणाला हात लावायचा नाही असं मीच बजावलं होतं. सोमवारी ती मोडका पाय घेऊन उंबऱ्यात बसली होती, फोन मांडीवर उघडा वाजत होता, तिनं हालो हालो करून पाहिलं, मग मिटून पुन्हा उघडून पाहिलं, तोवर कॉल गेलेला. आणि मी पुण्यात बसून तिच्यावर रुसलेली.

"अगं पण तू मिटत का नाहीस हा?" मी जवळजवळ किंचाळलेच. शेजारच्या कॉटवरच्या बाईनं पदर सारखा केला. "बोलून झालं की मिटायचा, एवढं एकच तर शिकवलं होतं ना?"

माय माझ्याकडे अशी बघत राहिली, जणू वेडी मीच आहे. "मानूस बोलून निगालं की लगीच मिटायचा? कावून? तू पुन्याला गेलतीस तवा स्टँडवर येताना मी घरचं दार लावलं का? झाडलोट तरी केली का? गाडी घाट उतरून गेली असंल तवा घरी जाऊन लावलं. परगावाला जाणाऱ्याच्या तोंडावर दार लावत्यात का कुनी? ह्याचा तर आवाज बी दार आपटल्यावानी येतो. मी म्हनते, बोलून गेली लेक, जरा लांब जाऊ दे तिला. मंग मिटवते. कदी ध्यानात ऱ्हातंय, कदी न्हाई."

म्हणजे तीन वर्षं माझ्या प्रत्येक फोननंतर ही बाई मला घाट उतरवून देत होती. मी इकडे "बरं ठेवते, ड्यूटी आहे" म्हणून अर्ध्या शब्दावर कट करायचे आणि ती तिकडे उघडा फोन फळीवर ठेवून, माझ्यासाठी दार उघडं ठेवल्यासारखी, कोंबड्यांना दाणे टाकायला जायची. मी दवाखान्याच्या बाहेर येऊन खूप रडले. मग आत जाऊन पुन्हा तिच्यावर ओरडले, कारण दुसरं काय करावं ते मला सुचेना. दीड दिवस. दीड दिवस ती पडून होती, एका मॅनर्सपायी.

प्लास्टर निघालं तसं मी तिला हडपसरला माझ्या फ्लॅटवर घेऊन आले. तिची अजिबात इच्छा नव्हती. "चार दिस ऱ्हाते," म्हणाली आणि आपली पिशवी सहा महिने भरलेलीच ठेवली. टचस्क्रीनचा फोन देऊ केला तर म्हणाली, "ह्यो उघडायचा कुटनं?" तेव्हा तोच फोल्डिंगचा फोन, बिजागरीला रबर लावून, इथंही आला. दुपारी लंच ब्रेकमध्ये मी कँटीनमधून तिला लावायची. आता कारण माहीत होतं म्हणून मी आधी कट करायचे नाही. ती तर मिटणारच नाही. मग दोघी कानाला फोन लावून गप्प. मला तिच्या मागचा कुकर ऐकू यायचा, तिला माझ्या मागच्या ताटांचा खडखडाट. इन-चार्ज सिस्टर घड्याळ दाखवायच्या. शेवटी मीच हळूच लाल बटण दाबायची आणि उरलेली शिफ्ट चोरी केल्यासारखी वावरायची. संध्याकाळी फ्लॅटवर आले की फोन ओट्यावर उघडाच. मी न बोलता मिटायची, ती न बोलता बघायची. आमच्या भांडणाला आता आवाजही उरला नव्हता.

असंच वर्ष गेलं असेल. एका दुपारी मी तिला रजेचं रामायण सांगत होते. सिस्टर कशा म्हणाल्या, मी काय उत्तर दिलं, आणि आता उत्तराचा खरा कळस सांगणार, तेवढ्यात फोन बंद.  डोळ्यापुढं तो उंबरा आला. मी लावला, पहिल्याच रिंगला तिनं घेतला.

"काय झालं? पडलीस का?"

"कशाला पडू? दूध वर आलतं."

"अगं मग मिटलास कसा? मी बोलत होते ना!"

"मंग घरी आल्यावर बोल की. संध्याकाळी येतीसच ना? तू काय परगावाला चाललीस व्हय?" असं म्हणून तिनं पुन्हा फोन मिटला. माझ्या तोंडावर, जन्मात पहिल्यांदा.

मी कँटीनमध्ये उभी होते आणि मला हसू येत होतं की रडू, ते शेजारच्या टेबलावरच्यांना कळलं नसावं, मलाही कळलं नाही. मी शाळेला जायचे तेव्हा तिनं कधी माझ्यामागं दार उघडं ठेवलं नव्हतं. पाठ वळली की लावून घ्यायची, कारण पोर पाच वाजता परत येणारच असायचं. तिच्या लेखी मी इतकी वर्षं फोनवर रोज गाव सोडत होते. त्या दुपारी तिनं ते थांबवलं.

धारूरचं घर अजून आहे. किल्ली सलीमभाईंकडं असते, सीताफळांच्या दिवसांत आम्ही दोघी जातो, आणि परत निघताना मायची पिशवी आता मी भरते. गाव कुठलं विचारलं तर मी धारूरच सांगते, तुम्हीही आपापलंच सांगत असाल. पण इकडे रोज दुपारी माझं बोलणं निम्म्यावर आलं की ही बाई फोन मिटते. काही म्हणजे काही पूर्ण सांगू देत नाही. मी चिडते, चरफडते, आणि राहिलेलं अर्धं बोलणं घेऊन संध्याकाळी घरी जाते.