आमच्या बोटीचे ओरखडे

आमच्या बोटीवर ओरखडे आहेत. कुणी त्यावरून नाक मुरडलं की माझं डोकं फिरतं. ज्याला ओरखड्यांची एवढी लाज वाटते त्यानं बोट घ्यावी, अंगणात ठेवावी, वर चादर घालावी आणि रोज तिच्याकडे बघत चहा प्यावा. पाण्यात मात्र घालू नये.

खरं तर ही बोट आली ती आमच्यासाठी नव्हतीच. तापीवर बॅरेज झाल्यापासून आमच्या गावासमोर वर्षभर पाणी उभं असतं, आणि कुठल्यातरी कार्यालयात कुणाला तरी वाटलं, इथं पर्यटक येतील. मग घाट झाला, धक्का झाला, फीत कापून झाली. बोट म्हणजे दोन लांब, दोन्ही टोकांना बंद असलेले ॲल्युमिनियमचे नळे. त्यांच्यावर फळ्यांचा मंच, मंचावर गुबगुबीत बाकं, वर निळं छत आणि मागं इंजिन. कागदावर त्या नळ्यांना पाँटून म्हणतात. आम्ही नळेच म्हणतो. ॲल्युमिनियमला आमच्याकडे जर्मन म्हणतात, का ते मला विचारू नका, त्यामुळे पहिल्या दिवसापासून तिचं नाव जर्मनची बोट पडलं. पर्यटक दोन रविवार आले. त्यांनी फोटो काढले, इथं खायला काहीच मिळत नाही म्हणून कुरकुर केली आणि गेले ते गेलेच. त्यानंतर बोट धक्क्याला बांधलेली राहिली. छतावर बगळे बसायचे.

आणि आम्ही तिच्या शेजारून ट्रॅक्टरच्या ट्यूबवर फळी टाकून पलीकडे जायचो. पाणी भरल्यावर गावाची निम्मी शेतं पलीकडे राहिली होती. पुलावरून जायचं तर एवढा वळसा की कामाचा दिवसच उरत नाही. दहावीपर्यंतची शाळाही पलीकडच्याच गावात, म्हणून आमच्याकडच्या पोरी सातवीनंतर घरी बसायच्या. मी स्वतः पोहता येत नसताना ट्यूबवरून कापूस वेचायला गेलेली बाई आहे. आमच्या बचत गटानं अर्जामागून अर्ज केले, तेव्हा कुठं बोट आमच्या ताब्यात मिळाली, तीही ‘देखभालीसाठी’. ठीक आहे, म्हटलं, देखभाल तर देखभाल. चालवल्याशिवाय इंजिनाची कसली आली देखभाल? मी इंजिन शिकले. सकाळी शाळेच्या पोरी, मग मजुरीच्या बाया, मग खताची पोती, मग शेळ्या. गुबगुबीत बाकं काढून समाजमंदिरात ठेवली, कारण शेळ्या ती कुरतडत होत्या.

बोट बिघडली ती धक्क्यामुळे. ज्यानं धक्का बांधला त्यानं कडेला लोखंडी अँगल बसवला होता आणि त्याची धार पाण्याच्या बाजूला ठेवली होती. वारा असला की बोट लावताना नळा त्या धारेवर घासायचा. अँगल काढा, नाहीतर रबर लावा, असं आम्ही दोनदा लिहून दिलं. उत्तर नाही. एका सकाळी वाऱ्यानं बोट अशी फिरवली की डाव्या नळ्याचं नाक धारेवर आदळलं आणि परातीएवढा पोचा पडला. दोन दिवसांत बोट डावीकडे कलायला लागली. पोच्याच्या कडेला सांधा उलला होता आणि आत पाणी शिरत होतं. माझी चूक होती का? होती. वारा पडेपर्यंत मी थांबायला हवं होतं. पण बोटीत बारा पोरी होत्या आणि शाळेत त्यांची परीक्षा होती.

तेवढ्यात पर्यटनाच्या कार्यालयाचं पत्र आलं की साहेब बोटीची पाहणी करायला येणार. आम्ही घाबरलो, आणि घाबरल्यावर आमच्या हातांना जे सुचतं तेच आम्ही केलं. घासायला बसलो. जर्मनचंच तर भांडं, फक्त मोठं! राख आणली, विटेचा भुगा आणला, आणि तेवढ्यानं भागेना म्हणून ग्रिल बनवणाऱ्याकडून लोखंडी तारेचे ब्रश मागून आणले. दोन दिवस दहा बायका नळ्यांवर तुटून पडल्या. शेवाळ गेलं, काळपटपणा गेला, बोट अशी चकाकली की मी स्वतःवरच खूश झाले. साहेब चार दिवसांनी आले तोवर नळ्यांवर तांबूस ठिपके उठले होते. ब्रशाचं लोखंड बारीक कणांनी जर्मनमध्ये रुतून बसलं होतं आणि आता ते गंजत होतं. ज्या जागेवर आम्ही जास्त जोर लावला होता, तिथं जास्त गंज.

साहेब वयानं तिशीतले, बोलायला सभ्य. बोटीभोवती फिरले, पोचा पाहिला, ओरखडे मोजल्यासारखं केलं. म्हणाले, “ताई, ही पर्यटनाची बोट आहे. तुम्ही हिच्यावर शेळ्या नेता?”

“माणसंही नेतो,” मी म्हटलं.

“हे बघा, नुकसान तुमच्याच वापरामुळे झालंय. आठ दिवसांनी परत येतो. अशीच असली तर बोट उचलून दुसऱ्या तलावावर पाठवावी लागेल. तिथं निदान नीट राहील.”

आमच्या गटाची अध्यक्ष आमची अक्का. सही शिकली ती साठीत, पण तिच्यापुढं भलेभले गप्प होतात. ती पुढं झाली. “बोट बिघडनी, हाई खरं शे साहेब. पन चालनी म्हनीसन बिघडनी. बांधेल व्हती तवय दखाले कोनी उनं नही.”

बांधलेली होती तेव्हा बघायला कुणी आलं नाही, हे ऐकून साहेब जीपमध्ये बसून गेले. मला रडू आलं, रागाचं. अक्का म्हणाली, “आते रडीसन काय व्हनार शे? काय करनं शे ते सांग.”

काय करायचं ते मला तरी कुठं ठाऊक होतं? मोबाइलमध्ये फोटो काढले आणि धुळ्याची बस धरली. धुळ्यात एका गल्लीत भांड्यांचे पोचे काढणारे एक चाचा बसतात. लग्नाची मोठाली पातेली त्यांच्याकडे चेपून येतात आणि गोल होऊन परत जातात. फोटो पाहून त्यांनी हात जोडले. “बेटी, मी पातेल्याचा माणूस. हे जहाज आहे.”

“जर्मनच आहे ना चाचा?”

त्यांनी फोटो परत पाहिला, बोटांनी मोठा केला. मग चष्मा वर करून विचारलं, “आणि हे घासलं कुणी? दुश्मन होता का कुणी?”

मी खरं सांगितलं. ते एवढे हसले की शेजारचा दुकानदार डोकावला. दुसऱ्या दिवशी ते आले, सोबत त्यांचे जावई, जे आर्गन वेल्डिंग करतात. तोवर आम्ही बोट पाण्याबाहेर काढून ठेवली होती. घाटावर केळीचे कापलेले खांब आडवे टाकले, ट्रॅक्टरला दोर बांधला, आणि बोट त्या ओल्या खांबांवरून एकही नवा ओरखडा न घेता वर आली. शेपटाकडचं बूच काढलं तेव्हा नळ्यातून बराच वेळ पाणी येत राहिलं.

चाचांनी आधी नळ्यात हवा भरायला सांगितली. टायरवाल्याचा कॉम्प्रेसर आणू म्हटलं तर माझ्यावर ओरडले, नळा फुगून सांधे उलतील म्हणाले. सायकलचा पंप मारला, तोही हलक्या हातानं, आणि सगळीकडे साबणाचं पाणी फासलं. पोच्याच्या कडेला बुडबुडे आले. तेवढी एकच जागा. भेगेच्या दोन्ही टोकांना त्यांनी बारीक भोकं पाडली. भेगेला वाटेत भोक लागलं की ती पुढं पळत नाही, असं ते म्हणाले.

पोचा काढणं अवघड होतं. पातेल्यात आतून हात जातो, इथं नळा बंद. “आतून ठोकता येत नाही तर बाहेरून ओढायचं,” चाचा म्हणाले. पोच्यावर त्यांनी अंगाचा साबण चोळला आणि खालून गॅसची ज्योत फिरवली. साबण काळा पडला की जर्मन मऊ झालं असं समजायचं, त्यापुढं ज्योत धरली तर ते वितळून हातात येतं. मग जावयांनी पोच्यावर जर्मनच्या पट्ट्यांचे चार कान डकवले, त्यांत साखळी अडकवली आणि चेनपुलीनं ओढायला सुरुवात केली. चाचा कडेकडेनं लाकडी मोगरीनं ठोकत होते. नदीवरचा वारा वेल्डिंगचा गॅस उडवून नेत होता, म्हणून आम्ही बायका ताडपत्री धरून भोवती उभ्या राहिलो. दुपारच्या उन्हात, हात वर करून, तीन तास. हाताला मुंग्या आल्या तरी एकीनंही ताडपत्री सोडली नाही. पोचा हळूहळू वर आला, पण पूर्ण नाही. परातीचा ताटलीएवढा उरला तेव्हा चाचांनी थांबवलं. आणखी ओढलं तर पत्रा फाटेल म्हणाले. मग कान कापले आणि भेगेवर वेल्डिंगचा टाका मारला.

ओरखड्यांसाठी त्यांनी आमच्या हातात पाणीकागद दिला, आधी खरखरीत, मग बारीक. मी सवयीनं गोल गोल घासायला लागले तर त्यांनी माझं मनगट धरलं. “गोल नाही. लांबीच्या दिशेनं. ही कढई नाही.” गंजाचे ठिपके गेले, वरवरचे ओरखडे गेले. अँगलनं पाडलेले खोल ओरखडे मात्र राहिले.

इथं आमच्यात भांडण झालं. पाहणीला दोन दिवस उरले होते. गटातल्या काही जणींचं म्हणणं, पुट्टी भरा आणि वरून चंदेरी रंग मारा, साहेबांना कळणारही नाही. एकीनं तर रंगाचा डबाही आणून ठेवला होता. मी चाचांना विचारलं, होईल का असं? ते म्हणाले, होईल की. दिसायला नवी होईल. पण उद्या रंगाखाली टाका उलला तर तुम्हाला दिसणार नाही. आणि खोल ओरखडे घासून काढायचे तर पत्रा पातळ होईल.

“बोट गेली तर टाका बघून काय करायचंय?” एक जण मला म्हणाली. तिची मुलगी नववीत आहे. तिचं चूक होतं असं मी आजही म्हणणार नाही. पण मला ती सकाळ आठवत होती, धारेवर आदळलेली बोट आणि आत बारा पोरी. मी म्हटलं, रंग मारायचा असेल तर उद्यापासून इंजिन दुसरीनं चालवावं. जे मला दिसत नाही त्याच्यावर मी कुणाच्या लेकीला बसवणार नाही. शेवटी अक्कानं चंदेरी रंगाचा डबा उचलून ट्रॅक्टरवर ठेवला, दुकानात परत द्यायला.

उरलेल्या दोन दिवसांत आम्ही धक्क्याचा अँगल जुन्या टायरांनी झाकून टाकला. त्याची परवानगी कुणालाही विचारली नाही.

साहेब सकाळी आले. नेमकी शाळेची वेळ. पोरी दप्तरं घेऊन, बाया विळे-टोपल्या घेऊन घाटावर उभ्या होत्या. साहेबांनी नळ्यावरून हात फिरवला, टाक्यावर थांबले. मग फाइल उघडून म्हणाले, “काम चांगलं झालंय, नाही म्हणत नाही. पण ओरखडे आहेतच, आणि हा जोड तर लांबूनही दिसतोय.”

“फेरी मारून बघा ना,” मी म्हटलं.

ते चढले. त्यांच्यामागून पोरी चढल्या, बाया चढल्या, अक्का चढली. साहेब म्हणाले, “एवढे सगळे?” मी म्हटलं, “रोज एवढेच असतात.” पाण्याच्या मध्यावर येऊन मी इंजिन बंद केलं. बोट सरळ उभी राहिली, ना डावीकडे कलली ना उजवीकडे. वारा होता. साहेबांनी छताचा खांब धरला.

अक्का त्यांच्या बुटांकडे बघून म्हणाली, “साहेब, तुमना पाय कोरडा शेतस ना?”

पोरी हसल्या. साहेबही थोडे हसले, मग फाइलकडे बघून त्यांचं तोंड पुन्हा पडलं. “ताई, माझी अडचण समजून घ्या. फॉर्मवर रकाना आहे. बोट मूळ स्वरूपात आहे का? आता यात मी काय लिहू?”

“नाही असं लिहा,” मी म्हटलं. “मूळ स्वरूपात ती एकाही माणसाला पलीकडे नेत नव्हती.”

साहेब पेन हातात धरून बसले. एकदा पोरींकडे बघितलं, एकदा दूर राहिलेल्या धक्क्याकडे. मग त्यांनी ‘नाही’ लिहिलं, त्याच्याखाली आणखी एक ओळ लिहिली आणि फाइल माझ्याकडे वळवली. बोट प्रवाशांच्या वापरात असून सुस्थितीत आहे, सध्याच्या ठिकाणीच ठेवावी. मी ती ओळ दोनदा वाचली, अक्काला वाचून दाखवली आणि इंजिन सुरू केलं.

“माझी जीप त्या बाजूला आहे,” साहेब घाईघाईनं म्हणाले.

“माहीत आहे,” मी म्हटलं आणि बोट पलीकडच्या काठाकडे नेली. पोरींना आधी शाळेत सोडायचं होतं.