धुऱ्यावरचं गवत

शेंदूरजनाघाटच्या आमच्या संत्र्याच्या बागेत रासायनिक औषधं बंद करून तिसरं वर्ष सरत आलं होतं. सरकारच्या सेंद्रिय प्रमाणपत्राचा हिशेब साधा होता: गट करा, एकमेकांची बाग तपासा, तीन वर्षं खोटं बोलू नका. आमच्या गटात पाच घरं. लिहायचं काम माझ्याकडे, कारण मी शाळेत शिकवते आणि घरच्यांच्या मते मला दुसऱ्याच्या चुका काढायची हौस आहे.

शेवटच्या तपासणीला मामाजी, म्हणजे माझे सासरे, सकाळीच इस्त्रीचं धोतर नेसून फाटकाशी उभे. गटातले चौघं आले तसे त्यांना थेट धुऱ्यावर घेऊन गेले. बागेच्या कडेचा आमचा हा बांध कायम गवतानं भरलेला. त्या दिवशी गवत पिवळं पडून भुईला टेकलं होतं.

"पाहा, एक काडी उभी नाई," मामाजी म्हणाले.

मी विचारलं, "मामाजी, काय मारलं इथं?"

"तणनाशक. पाहुणे येऊन राहिले होते, अंगण साफ नको?"

"अवो, पण औषध बंद आहे ना आपलं!"

"झाडाले कुठं मारलं? हे काय वावर आहे? धुरा आहे."

हसावं की रडावं कळेना. याच माणसानं तीन वर्षं स्वतःच्या हातानं शेण-गोमूत्र कालवलं होतं, कीड पडली तरी औषधाच्या डब्याला हात लावला नव्हता. नियमात मात्र धुराही बागेतच धरतात.

"जाऊ द्या वहिनी, नका लिहू," गटातले एक भाऊ म्हणाले. "काकाजीनं मुद्दाम थोडंच केलं."

मला त्यांचाच राग आला, कारण मलाही तेच हवं होतं. पण लपवलेलं उघडकीला आलं असतं तर पाचही घरांचं प्रमाणपत्र गेलं असतं.

"लिहिलं तं काय होते?" मामाजींनी विचारलं.

"आपली बाग पुन्हा पहिल्यापासून. तीन वर्षं."

त्यांनी चौघांकडे एकवार पाहिलं. मग म्हणाले, "लिही. माह्या पायी दुसऱ्याची बाग कावून बुडवतं?"

मी लिहिलं. घरी आल्यावर पंच्याहत्तरी उलटलेल्या त्या माणसावर ओरडलेही. ते एवढंच म्हणाले, "तीन वर्षं मी काहाडतो का नाई, कोणाले माहीत."

"काढावीच लागतील," मी म्हणाले. "करून ठेवलंय तुम्हीच." बोलले खरी, पण मनात धसका बसला तो बसलाच.

परवा ती तीन वर्षं भरली. मामाजी फाटकाशी उभे होते, तसंच इस्त्रीचं धोतर, हातात आता काठी. तेच चौघं आले. मामाजी त्यांना धुऱ्यावर घेऊन गेले. गुडघाभर गवत, धोतराला ही एवढी कुसळं चिकटलेली.

"पाहून घ्या," ते म्हणाले. "माह्या घरी पाहुणे येऊन राहिले, अन् तीन वर्षं अंगण झाडलं नाई म्या." मग माझ्याकडे वळून, "लिही बाई."

मला कागदच धड दिसेना. शाळेत शिकवणारी बाई मी, पण त्या एका ओळीत दोन चुका केल्या.